कढीपत्त्यावरची अळी ते फुलपाखरू: घरच्या बागेबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या घरामागे चार हात जागा आहे. तिथे एक लिंबू, एक कढीपत्ता, कुंपणाला कण्हेर आणि बाकी कुंड्या. पावसाळा लागला की शेजारपाजारचे, नातेवाईक आणि मुलांचे मित्र अळ्यांबद्दल तेच ते प्रश्न विचारतात. उत्तरं एकदा लिहून ठेवलेली बरी.

फुलपाखरू वाढताना घरी पाहायचं असेल तर कोणतं झाड लावावं?

कढीपत्ता. कुंडीत येतो, गॅलरीत येतो, आणि बहुतेक घरांत आधीपासून असतोच. त्यावर मुख्यतः दोन फुलपाखरं अंडी घालतात: लाइम बटरफ्लाय, म्हणजे आपलं लिंबावरचं फुलपाखरू, आणि कॉमन मॉर्मन. लिंबू, संत्रं, बेल ही झाडं त्याच कुळातली, त्यामुळे तीही चालतात.

फुलपाखरांसाठी म्हणून लोक झिनिया, पेंटास, एक्झोरा लावतात. फुलपाखरं त्यावर येतात, मध पितात आणि निघून जातात. अंडी घालायला मादीला फूल नको असतं. तिला तिच्या पिल्लांना खाता येईल असं नेमकं पान हवं असतं, आणि ते प्रत्येक जातीचं ठरलेलं आहे. रुईवर प्लेन टायगर, कण्हेरीवर कॉमन क्रो, बहाव्यावर पिवळसर-पांढरी एमिग्रंट, सोसायट्यांच्या कुंपणाला रांगेने लावतात त्या उंच अशोकावर टेल्ड जे. पानफुटीवर रेड पिएरो अंडी घालते. तिची अळी पानाच्या जाडीत शिरून आतला गर खात पुढे सरकते, बाहेरून फक्त फिकट झालेला पट्टा दिसतो. तेव्हा फुलं हवीत तेवढी लावा, पण मुक्कामाला पान लागतं.

अंड्यापासून फुलपाखरापर्यंत किती दिवस लागतात?

लिंबावरच्या फुलपाखराला उबदार, दमट हवेत साधारण महिना. अंडं तीन-चार दिवसांत फुटतं, अळी दोन-अडीच आठवडे खात असते, कोष आठ-दहा दिवसांचा, कधी दोन आठवड्यांचा. थंडीत सगळंच लांबतं. डिसेंबरमधला कोष आठवडेच्या आठवडे तसाच बसला तरी तो मेलाच असं समजू नका.

अंडी कशी ओळखायची? आम्हाला तर कधी दिसत नाहीत.

अंडी शोधू नका, मादी शोधा. एखादं फुलपाखरू फुलांकडे ढुंकूनही न बघता कढीपत्त्याभोवतीच घुटमळत असेल, पानावर क्षणभर टेकून लगेच उडत असेल, तर ते अंडी घालतंय. टेकल्यावर ती पुढच्या पायांनी पान थोपटते. तिला पायांनी चव कळते, आणि पान योग्य आहे की नाही हे ती अशी चाखून ठरवते. मग पोटाचं टोक वाकवून एक अंडं चिकटवते, दुसरं दुसऱ्याच पानावर. बहुधा कोवळी पालवी निवडते. ती गेली की तिथे पाहा: राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, गोल, फिकट पिवळं. फुटायच्या आधी ते काळपट होतं.

पानावर पक्ष्याची शीट पडली आहे, पण ती रोज थोडी सरकते!

मग ती अळीच. लहानपणी लिंबावरच्या फुलपाखराची अळी तपकिरी-काळी असते आणि मध्ये पांढरा पट्टा. अंगावर ओलसर चकाकीसुद्धा असते. बुलबुलाला किंवा शिंपी पक्ष्याला ती खाण्यासारखी वाटत नाही. ती उघड्यावर, पानाच्या वरच्या बाजूला निवांत बसते ती याच भरवशावर.

ती चार वेळा कात टाकते. शेवटच्या कातीनंतर सोंग एकदम बदलतं. आता ती हिरवीगार, अंगावर तिरके तपकिरी पट्टे, आणि छातीच्या फुगीर भागावर डोळ्यांसारख्या खुणा. खरं डोकं त्या फुगीर भागाखाली पुढे असतं, बारीकसं. कात टाकायच्या आधी अळी दिवसभर जागची हलत नाही, खात नाही. पुष्कळ जण तेव्हा ‘आजारी दिसते’ म्हणून तिला उचलून दुसऱ्या पानावर ठेवतात. ते करू नका. तिने पायाखाली रेशमाची बारीक बैठक विणलेली असते, तिला धरूनच ती जुन्या कातडीतून बाहेर येते. बैठक सुटली तर कात अडकते.

हात लावला की डोक्यावर केशरी शिंगं येतात आणि वास येतो. विषारी आहे का?

नाही. ती शिंगं म्हणजे डोक्यामागे लपवलेला दुभागलेला मऊ अवयव, धोका वाटला की अळी तो उलटा करून बाहेर काढते. वास उग्र असतो, त्यात लिंबाच्या पानाची झाक असते. मुंग्या आणि छोटे किडे त्याने मागे सरतात. माणसाला काही होत नाही. मुलांना हा प्रकार भयंकर आवडतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा टोचत बसतात. एकदा दाखवा आणि थांबवा.

अंगावर दाट केस असलेल्या कुठल्याही सुरवंटाला मात्र हात लावू नये. शेवग्याच्या खोडावर पावसाळ्यात झुंडीने बसतात ते केसाळ सुरवंट पतंगाचे असतात, त्यांनी अंगाला चांगलीच खाज सुटते.

कढीपत्ता सगळा संपवतील. फोडणीला काय घालू?

हा प्रश्न आमच्या घरात दर पावसाळ्यात गंभीर स्वरात निघतो. अळी तिच्या एकूण खाण्यापैकी बहुतेक खाणं शेवटच्या काही दिवसांत उरकते. तोवर झाडाला काही झालंय हे कळतही नाही, आणि मग अचानक दोन दिवसांत फांदी बोडकी. मोठं झाड असेल तर काळजी नाही, कढीपत्ता छाटल्यासारखा पुन्हा फुटतो. कुंडीतलं हातभर रोप असेल तर एक-दोन अळ्या ठेवा, बाकीच्या बागेतल्या किंवा सोसायटीतल्या मोठ्या लिंबावर, बेलावर हलवा. फांदीसकट हलवा, चिमटीत धरून नको. एखादी अळी नवं पान लगेच धरत नाही, तिला काही तास द्या.

घरात सोपी तडजोड होते: एक फांदी अळ्यांची, तिला लाल दोरा. बाकी झाड स्वयंपाकघराचं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. विदर्भातल्या संत्रा बागायतदाराला हीच अळी कीड वाटते, आणि रोपवाटिकेत कोवळ्या रोपांचं ती खरंच नुकसान करते. त्याने काय करावं हा माझ्या अधिकारातला विषय नाही. इथे गॅलरीतल्या चार पानांचा हिशेब चालला आहे.

कडुनिंबाचं तेल तर नैसर्गिक आहे, ते मारलं तर चालेल ना?

माव्यासाठी, म्हणजे पानांचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांसाठी मारलं तरी अळीही मरते. नैसर्गिक असलं तरी ते कीटकनाशकच आहे. मावा असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा, अळी असलेली फांदी सोडून. नर्सरीतून आणलेल्या नव्या रोपावर बहुधा फवारणी झालेली असते, कधी औषध मुळांतून पानांत गेलेलं असतं. अशा रोपावर अंडी पडतात, अळी निघते आणि दोन घासांत मरते. नवं रोप आणलं की जुनी पानं उतरवा आणि नवी पालवी फुटेपर्यंत त्यावर अळ्या सोडू नका. डासांसाठी धूर मारणारे येणार असतील तर तेवढ्या वेळापुरती कुंडी घरात घ्या.

मुलांना नीट दिसावं म्हणून अळी बरणीत ठेवू का?

माझं मत: झाडावरच राहू द्या. बरणीत दमटपणा साठतो, लेंड्या कुजतात, बुरशी धरते, आणि एका अळीला रोग लागला की सगळ्या जातात. शिवाय मुलं बरणीत दोन दिवस बघतात आणि तिसऱ्या दिवशी विसरतात. झाडावर रोज जाऊन शोधावी लागते, तेच त्यांना आवडतं. शोधायची युक्तीही त्यांना लगेच जमते: आधी खालच्या पानांवर किंवा फरशीवर काळ्या लेंड्या बघायच्या, मग सरळ वर मान करायची.

पक्षी फारच उचलत असतील तर जुन्या मच्छरदाणीचं कापड फांदीभोवती सैल बांधा. आत आणायचीच वेळ आली तर जाळीची मोठी टोपली किंवा कपड्यांची झाकणाची बास्केट घ्या, बरणी नको. पानांची डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवा आणि बाटलीचं तोंड कापसाने घट्ट बंद करा. उघडं ठेवलं तर अळी डहाळीवरून खाली उतरत थेट पाण्यात जाते.

काल होती, आज अळी गायब! कुणी खाल्ली?

शक्य आहे. कोळी, प्रार्थना कीटक, सरडा, बुलबुल, सगळेच टपलेले असतात. घातलेल्या अंड्यांपैकी बहुतेकांचं फुलपाखरू होत नाही, आणि बागेतल्या शिंपी पक्ष्याचीही पिल्लं असतात.

पण अळी पूर्ण वाढलेली, बोटाच्या दोन पेरांएवढी होती का? मग ती स्वतःच निघून गेली असेल. कोष करायची वेळ आली की ती खाणं थांबवते, पोट रिकामं करते (शेवटची विष्ठा एरवीसारखी कोरडी गोळी नसते, ओली पातळ असते) आणि झाड सोडून चालू लागते. कुंडीची कड, खिडकीचं ग्रिल, झाडूचा दांडा, सायकलची नळी, कुठेही जाते. आमच्याकडे एकीने कपडे वाळत घालायच्या काठीवर मुक्काम केला, आणि ती काठी फुलपाखरू निघेपर्यंत कुणी वापरली नाही. झाडाभोवती दोन-चार खरखरीत काटक्या उभ्या खोचून ठेवल्यात तर निदान शोधायला सोपं जातं.

अळी कोष विणते म्हणतात, ते दिसेल का?

फुलपाखराच्या बाबतीत विणणं फारसं नसतंच. रेशमाचा कोष विणतात ते पतंग. फुलपाखराच्या अळीची कातडी सुटते आणि आत कोष तयार असतो.

लिंबावरच्या फुलपाखराची अळी जागा ठरली की काटकीवर रेशमाची गादी करते, शेपटाकडचं टोक त्यात रोवते. मग पाठ मागे वाकवून, डोकं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेत, रेशमाचा एक पट्टा तयार करते आणि स्वतःला त्यात अडकवते. माडावर चढणारा कमरेला दोर घेऊन मागे रेलतो, हुबेहूब तसं. या अवस्थेत ती आक्रसून दिवसभर बसते.

नंतरचा भाग बघायचा असेल तर खुर्ची टाकून बसावं लागतं, कारण तो काही मिनिटांत उरकतो. डोक्यामागे कातडी फाटते. अंग लाटेसारखं हलतं आणि फाटलेली कातडी खाली खाली सरकत जाते. ती पट्ट्याखालून काढायची असते, पट्टा न तोडता. सगळ्यात अवघड क्षण शेवटी: शेपटाचं टोक कातडीतून सोडवून, आकड्यांनी पुन्हा त्याच रेशमात रोवायचं. क्षणभर ती फक्त पट्ट्यावर असते. नंतर चुरगळलेली कात टपकन खाली पडते आणि मऊ, ओला कोष उरतो. तो काही तासांत कडक होतो. हिरव्या पानांत असेल तर बहुधा हिरवा, खरखरीत काटकीवर किंवा भिंतीवर असेल तर तपकिरी. हा रंग आधीच ठरतो, नंतर जागा हलवून बदलत नाही.

प्लेन टायगर आणि कॉमन क्रो पट्टा बांधत नाहीत, शेपटाकडून उलटे लोंबकळतात.

कण्हेरीवर चांदीचा थेंब लटकलाय, तो काय आहे?

कॉमन क्रोचा कोष. पहिल्यांदा बघणाऱ्याला तो खरा वाटत नाही. जवळून बघितलंत तर त्यात तुमचं तोंड, मागचं आभाळ, खिडकीचे गज, सगळं वाकडंतिकडं दिसतं. हा रंग कुठल्या रंगद्रव्याचा नाही. कोषाच्या कवचात अतिशय पातळ थर एकावर एक असतात आणि त्यांवरून प्रकाश परततो. फुलपाखरू निघून गेल्यावर उरलेलं टरफल साधं असतं. कण्हेर आणि रुई दोन्ही विषारी, त्यांचा चीक डोळ्यांत जाता कामा नये, तेव्हा मुलांचे हात धुवायला लावा.

कोषाच्या आत नेमकं काय होतं? सगळं विरघळतं हे खरं का?

बरंच विरघळतं, सगळं नाही. अळीचे स्नायू, चघळणारे जबडे, पचनसंस्थेचा मोठा भाग मोडीत निघतो. पण पंख, पाय, डोळे यांच्यासाठीचे पेशींचे छोटे पुंजके अळीच्या अंगात आधीपासून असतात. कोषात ते झपाट्याने वाढतात, आणि विरघळलेलं अंग हेच त्यांचं खाद्य. 2013 मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी पेंटेड लेडी फुलपाखराच्या जिवंत कोषांचं सीटी स्कॅन केलं, तेव्हा श्वासाच्या नळ्या अगदी सुरुवातीपासून शाबूत दिसल्या. मज्जासंस्थाही पुसली जात नाही, तिची फेरजुळणी होते. 2008 च्या एका अमेरिकन प्रयोगात तंबाखूवरच्या एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वासाबरोबर हलका विजेचा झटका दिला. पतंग झाल्यावरही त्यांपैकी बरेच तो वास टाळत होते. म्हणजे अळीपणी शिकलेलं थोडंफार मागे उरतं.

कोष काळा पडला. मेला की फुलपाखरू निघणार?

नीट पाहा. आदल्या दिवशी कोषाचं कवच पारदर्शक होतं आणि आतले दुमडलेले पंख, त्यांवरचे पिवळे ठिपकेसुद्धा दिसतात. असं असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी ठेवा. सगळा एकसारखा काळा, मऊ, वास येणारा कोष मात्र गेला.

कोषाला टाचणीएवढं भोक असेल तर आतून बारीक गांधीलमाश्या निघून गेल्या आहेत. त्यांतली एक जात फार धीराची आहे. कोष करायला बसलेल्या अळीशेजारी ती येऊन थांबते, कातडी उतरून कोष अजून मऊ आहे तोवरच त्यात अंडी घालते. मुलांना हे सांगू नये असं काही जणांना वाटतं. मी सांगतो. त्यांना त्या माशीतही तितकाच रस असतो.

फुलपाखरू कधी बाहेर येतं? आणि अडकलं तर मदत करावी का?

बहुधा सकाळी. कोष डोक्याकडे फाटतो, पाय बाहेर येतात आणि मिनिटा-दोन मिनिटांत अख्खं फुलपाखरू बाहेर. पोट फुगलेलं, पंख ओले आणि सुरकुतलेले. ते लगेच वर चढतं, कारण पंख खाली लोंबायला जागा हवी. पोटातलं द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकललं जातं आणि दहा-वीस मिनिटांत पंख पूर्ण पसरतात. सोंडही तेव्हाच जुळते: ती दोन अर्ध्या नळ्यांची असते, आणि फुलपाखरू ती गुंडाळत-उलगडत एकसंध करतं. हे बघायला लोक विसरतात, सगळ्यांचं लक्ष पंखांकडे. पंख वाळून उडण्याजोगे व्हायला तास-दोन तास, ढगाळ दिवशी जास्त.

कोष फोडून मदत करू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर या प्रसंगाची एक बोधकथा फिरत असते, संघर्षाशिवाय पंखांना बळ येत नाही वगैरे. बोध बाजूला ठेवू. साधी गोष्ट अशी की ओले पंख कागदाहून नाजूक असतात आणि चिमट्याने ओढले की फाटतात.

एक मदत मात्र चालते. बाहेर आलेलं फुलपाखरू खाली पडलं असेल तर त्याच्या पायांसमोर काटकी धरा. ते स्वतः चढेल. पहिल्या तासात वर चढता आलं नाही तर पंख दुमडलेलेच वाळतात आणि नंतर सरळ होत नाहीत.

बाहेर आल्यावर लाल-तपकिरी थेंब पडले. रक्त आहे का?

नाही. कोषात साठलेला टाकाऊ द्रव आहे. रंग जातीनुसार वेगळा असतो. पांढऱ्या चादरीवर मात्र पडू देऊ नका, डाग निघत नाही.

कोष गळून पडला तर?

टरफल फुटलेलं नसेल तर आशा आहे. शेपटाकडे रेशमाचा गुंता असेल तर त्याला दोरा बांधून काटकीला लटकवा. नसेल तर खरखरीत कापडावर आडवा ठेवा आणि अगदी लागून उभी काटकी किंवा जाळी लावा, म्हणजे बाहेर आल्याबरोबर चढता येईल.

साखरपाणी द्यावं का?

गरज नाही. पहिले काही तास नवं फुलपाखरू काही पीतच नाही, नंतर स्वतःचं शोधतं. त्यापेक्षा एका कोपऱ्यात माती ओली ठेवा, नर फुलपाखरं क्षारांसाठी चिखलावर उतरतात.

आलेलं फुलपाखरू कोणतं हे कसं ओळखायचं?

लिंबावरच्या फुलपाखराच्या काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके असतात, मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात विटकरी डाग, आणि शेपटी नसते. कॉमन मॉर्मनचा नर काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मादी फसवी आहे. ती कधी नरासारखी असते, तर कधी विषारी कॉमन रोज किंवा क्रिमझन रोज फुलपाखराचं रूप घेते. नशीब असेल आणि जवळ झाडी असेल तर लिंबावर ब्लू मॉर्मनही येते, महाराष्ट्राने 2015 मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेली. काळे पंख, त्यांवर निळी झळाळी, आणि आकार असा की आधी पाखरूच वाटतं.

ओळख पटत नसेल तर पंख मिटलेल्या आणि उघडलेल्या अशा दोन्ही अवस्थांचे फोटो घेऊन आयनॅचरलिस्ट या जीवजाती ओळखायच्या संकेतस्थळावर टाका. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या ओवळेकर वाडीत, म्हणजे फुलपाखरांच्या बागेत, एकदा जाऊन या. कोणत्या झाडावर कोण येतं हे तिथे अर्ध्या दिवसात समजतं. पकडून जमवण्याच्या फंदात पडू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली काही जाती संरक्षित आहेत.

गॅलरीला कबुतरांची जाळी आहे. मादी आत येईल का, आणि फुलपाखरू बाहेर जाईल का?

कढीपत्ता जाळीला चिकटून ठेवा, फांद्या बाहेर डोकावू द्या. मादी बाहेरच्या पानांवर अंडी घालून जाते. आत निघालेलं फुलपाखरू उजेडाकडे जातं आणि वरच्या कोपऱ्यात धडपडत बसतं. त्याला बोटावर चढू द्या आणि जाळीच्या घराशी बोट नेऊन धरा, किंवा खिडकीची सरकती काच उघडून सोडा. पंखांना चिमटीत धरलं की खवले बोटांना लागतात.

कोष झालाय आणि आम्हाला दिवाळीला गावाला जायचंय.

खुशाल जा. कोषाला खाणं-पिणं लागत नाही, कुणी बघणारंही लागत नाही. ऊन थेट येत असेल तर कुंडी थोडी आत घ्या, कोष मात्र हलवू नका. अळ्या अजून खात असतील तर झाडावर पानं पुरेशी आहेत ना एवढं बघा. आणि किल्ली ज्यांच्याकडे देणार त्यांना लाल दोऱ्याची फांदी दाखवून ठेवा, नाहीतर त्या काकू पाणी घालायला येतील आणि जाताना नेमका तोच कढीपत्ता तोडून नेतील.